‘साव्वार’ की ‘कोनेत्र’?

भावा, फ्रेंचमधल्या या दोन्ही क्रियापदांचा अर्थ ‘माहीत असणं’ असाच पाठ केलास तर कायम अडशील. ‘कोनेत्र’ म्हणजे ओळख: माणसाशी, गावाशी, चवीशी. त्याच्यापुढे नाम लागतं. ‘कोल्हापूर माझ्या ओळखीचं आहे’ला ‘झ कोने कोल्हापूर’ म्हण. पण रंकाळा कुठं आहे हे माहीत असेल तर ‘साव्वार’, कारण पुढे ‘कुठं’, ‘का’, ‘की’ असं अख्खं वाक्य येतं. तिथं ‘कोनेत्र’ कधीच चालत नाही.

खरी गोम पुढं आहे, आणि ती आपल्या मराठीमुळंच होते. ‘मला पोहता येतं’ म्हणजे शिकलेली कला, म्हणून ‘साव्वार’: ‘झ से नाझे’. पण पंचगंगेला पूर आलाय, आज पोहता येणार नाही, तिथं कला जागेवरच असते, अडते परिस्थिती. मग ‘पुव्वार’, म्हणजे ‘शकणं’: ‘झ न प पा नाझे’. मराठीत दोन्हीकडं ‘येतं’च, म्हणून मीही बरीच वर्षं चुकत होतो.

‘साव्वार’च्या भूतकाळात मात्र मराठीच मदतीला येते. ‘माहीत होतं’ला ‘झ सावे’, ‘कळलं’ला ‘झे स्यू’. रोज स्वतःची पाच वाक्यं वहीत लिही, पुस्तकातली नकोत.