'चॅनल'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: 'चॅनल' या इंग्रजी नामाला मराठीत कोणकोणते शब्द आहेत, आणि 'वाहिनी' हा एकच शब्द सगळीकडे चालेल का?

नाही चालणार. टीव्हीमुळे 'वाहिनी' तोंडात बसली, पण शेतातल्या पाण्याला तोच शब्द लावला की वाक्य लगेच परकं वाटतं. शब्द निवडण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: मार्ग उघडा आहे की बंद, त्यातून काय वाहतं, आणि तो कुठून कुठे जातो.

उघड्या पाण्याच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. धरणातून निघतो तो कालवा. त्याला फुटतात त्या वितरिका, पुढे लघुवितरिका, आणि शेतांपर्यंत पोचते ती चारी किंवा शेतचारी. नदीवर बंधारा घालून वळवलेलं पाणी ज्यातून येतं तो पाट. 'पाटबंधारे' या जोडशब्दातला पाट हाच, आणि पाटाचं पाणी पाळीनं वाटून देणारा तो पाटकरी. 'रक्ताचे पाट वाहिले' असं आपण म्हणतो तेव्हाही डोळ्यांपुढे हाच पाट असतो.

याहून लहान म्हणजे दंड, काही भागांत दांड. विहिरीचं किंवा चारीचं पाणी वाफ्यापर्यंत नेणारा हा मातीचा मार्ग एकाच शेतातला असतो आणि खोऱ्यानं ओढून तयार होतो. दंडावर प्रत्येक वाफ्यासाठी एक तोंड ठेवतात, ते 'दारं'. वाफा भरला की त्याचं दारं मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. या कामाला 'दारं धरणं' म्हणतात, कुठे 'बारं देणं'. बुजवायला उशीर झाला तर भरलेला वाफा फुटतो आणि पाणी भलतीकडे जातं. आता या सगळ्याला 'सिंचन वाहिनी' म्हणून पाहा. पाणी सरकारी कालव्याचं की विहिरीचं, मार्ग गावाचा की एका शेतकऱ्याचा, काहीच कळत नाही. म्हणून शेतीवरच्या मजकुराचं भाषांतर करताना आधी मार्गाचा आकार विचारा, मग शब्द लिहा.

दोन वरंब्यांमधली, म्हणजे शेतातल्या मातीच्या दोन लांब उंचवट्यांमधली, ती सरी. चर मात्र वेगळा. तो खणलेला असतो, त्यातून पाणी वाहायलाच हवं असं नाही. केबल टाकायला चर खणतात, आणि डोंगरउतारावरचे समतल चर तर पाणी अडवून जिरवण्यासाठीच असतात. तिथे 'पाट' लिहिलं तर अर्थ उलटा होतो.

छपराच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून नेते ती पन्हळ. पन्हळी पत्रा हे नाव त्याच आकारावरून आलं. संस्कृतात 'प्रणाल', 'प्रणाली' म्हणजे पाणी जाण्याचा मार्गच, आणि पन्हळ त्याच कुळातली. प्रणाली पुढे 'पद्धत, व्यवस्था' या अर्थाकडे गेली, पन्हळ पाण्यापाशी राहिली. घरातलं सांडपाणी मोरीतून जातं, आणि रस्त्याखालून पाणी काढून देणारं बांधकाम तीही मोरीच. रस्त्याकडेचं ते गटार, विदर्भात नाली.

बंद मार्गाला नळ, नळी, नलिका. बोलण्यात 'नळ' म्हणजे तोटीच समजतात, त्यामुळे पाइप म्हणायचं असेल तर पाइपच म्हणावं. वर्तमानपत्रांत 'जलवाहिनी फुटली' असतं, घरी मात्र पाइपलाइनच फुटते. शरीरशास्त्रात रक्तवाहिनी आणि मूत्रवाहिनी, पण अन्ननलिका आणि श्वासनलिका. हे शब्द रुळलेत, त्यांची अदलाबदल करू नये.

समुद्राच्या बाबतीत रूढ नावच लिहावं. इंग्लंड आणि फ्रान्समधली ती इंग्लिश खाडी, आफ्रिका आणि मादागास्करमधली मोझांबिकची सामुद्रधुनी. माणसानं खणलेला मार्ग असेल तर कालवा: १८६९ साली खुला झालेला सुएझ.

टीव्हीसाठी 'वाहिनी' अगदी योग्य. वृत्तवाहिनी, क्रीडावाहिनी असे समासही सहज होतात. अनेकवचन 'वाहिन्या', विभक्तीत 'वाहिन्यांवर'. पहिला काना मात्र विसरू नका, तो गेला की घरातली 'वहिनी' होते, आणि ही चूक मथळ्यांतही दिसते. बोलताना 'कुठलं चॅनल लावलंय?' किंवा 'कुठला चॅनल लावलाय?' दोन्ही ऐकू येतं. लिंग कुठलंही घ्या, पण एका मजकुरात एकच ठेवा.

कार्यालयीन भाषेत 'थ्रू प्रॉपर चॅनल'ला 'उचित मार्गाने' म्हणतात. मधल्या अधिकाऱ्याचा उल्लेख करायचा असेल तर 'मार्फत' पुरतं. 'संवादाच्या वाहिन्या खुल्या ठेवा' हे मराठी नव्हे. 'बोलणं सुरू ठेवा' एवढंच म्हणायचं असतं.

सुतारकामात आणि फॅब्रिकेशनमध्ये चॅनल हाच मराठी शब्द मानावा. ड्रॉवरचं १८ इंची चॅनल, सी-चॅनल, चॅनल गेट: दुकानात दुसरं काही मागितलं तर कळणार नाही. लाकडातच कोरून काढलेली असेल तर ती खोबण, वरून स्क्रूनं बसवलेलं असेल तर ते चॅनल.