घोगरा तो नर, गलका करते ती मादी

प्रश्न : सांदवाडीत (घरामागच्या वाडीत) खाकी कॅम्पबेल जातीची आठ बदकं आहेत, वय तीन महिने. एकाच्याच शेपटीवर वळलेलं पीस दिसतं. बाकी साती माद्या समजायच्या का? (साकोली तालुका, जि. भंडारा)

उत्तर : इतक्यात समजू नका. नराच्या शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला आकड्यासारखं वळलेलं पीस येतं हे खरं. पण कुणाला ते तिसऱ्या महिन्यात येतं, कुणाला चौथा उलटल्यावर. भांडणात उपटलं जातं, पिसं झडायच्या दिवसांत गळूनही पडतं. पीस दिसलं तर नर नक्की. नाही दिसलं तर काहीच नक्की नाही.

आवाज जास्त भरवशाचा, आणि तीन महिन्यांत तो फुटलेला असतो. संध्याकाळी बदकं कोंडली की एकेक उचला. पाय धरून उचलू नका. बदकाचे पाय कोंबडीपेक्षा नाजूक, लगेच लचकतात. दोन्ही तळहातांनी पंखांसकट अंग धरा. मादी हातात आली की मोठ्यानं, तुटक ‘क्वॅक क्वॅक’ करते, शेजारच्या घरी ऐकू जाईल असं. नरही चोच उघडतो, जोर लावतो, पण घसा बसल्यासारखं काहीतरी बारीक, घोगरं बाहेर येतं. घोगरा आवाज ऐकला की त्याच्या पायात रंगीत दोरा बांधा, करंगळी जाईल इतका सैल. घट्ट दोरा वाढत्या पायात रुततो. जे गप्प राहिलं त्याला नर ठरवू नका, घाबरलेली मादीही गप्प बसते. दोन दिवसांनी पुन्हा उचला.

मस्कोव्ही जातीला यातलं काही लागू नाही. तिच्या नराला वळलेलं पीस येत नाही, मादी गलका करत नाही. तिथं आकार पाहायचा : नर जवळजवळ दुप्पट वजनाचा, चेहऱ्यावरचं लाल खरबरीत मांस जास्त, आणि आवाज फुसफुसण्याचा.

पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. जास्त झाले की माद्यांच्या मानेमागची पिसं उपटली जातात, जखमा होतात. नुसती खायची अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही.

प्रश्न : पाच महिन्यांच्या बदकांनी अंडी सुरू केली. काही लहान, एक कवचाशिवायचं, दोन बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) पाण्यात सापडली. आजार आहे का? अंडी धुवावीत का? (आरमोरी तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : आजार नाही. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत लहान, दोन बलकांची, पातळ कवचाची अंडी येतातच. कवचावर रक्ताची रेघ एखाद्या वेळी चालते. रोज दिसू लागली तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. बिनकवचाची अंडी महिन्यानंतरही येत राहिली तर कॅल्शियम कमी पडतंय. तलावातले शिंपले भाजून, ज्वारीच्या दाण्याएवढे कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. मादी लागेल तितकं खाते. खाद्यात मिसळू नका, नरांना आणि पिलांना जास्तीचं कॅल्शियम बाधतं. पानाचा चुना तर मुळीच नको, चोच-घसा भाजतो. आणि बुरशी धरलेला मका किंवा ढेप (पेंड) स्वस्तात मिळाली तरी घालू नका. त्या बुरशीच्या विषाला बदक कोंबडीपेक्षा कितीतरी हळवं असतं.

बोडीतल्या अंड्यांचा दोष वेळेचा आहे. बदकं बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी आठ-नऊच्या आत घालतात, तीही जिथं असतील तिथं. तुम्ही सहाला दार उघडता आणि अंडं बोडीत पडतं. सकाळी नऊपर्यंत कोंडूनच ठेवा. आत चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल पाणी हवं. कोपऱ्यात फूटभर रुंद, दीड फूट लांब खोपा करा, तीन माद्यांमागे एक, त्यात धानाची कोरडी तणस चार बोटं. ओली झाली की त्याच दिवशी बदला. पाण्यात सापडलेलं अंडं खाऊ नका, कवचाच्या छिद्रांतून घाण आत गेलेली असते.

धुणं शेवटचा उपाय. आधी कोरड्या फडक्यानं पुसा. धुवायचंच तर पाणी अंड्यापेक्षा गरम, हाताला सोसेल इतकं. गार पाण्यानं आतला ऐवज आकसतो आणि कवचावरची घाण आत ओढली जाते. धुतलेली अंडी आधी संपवा. उकळी फुटल्यावर बारा मिनिटं ठेवा, बलक घट्ट झाला पाहिजे. अर्धकच्चं बदकाचं अंडं लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नये.

प्रश्न : पहिलीच अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर? (तिरोडा तालुका, जि. गोंदिया)

उत्तर : पहिली नकोत, लहान अंड्यांतून पिलं अशक्त निघतात. अंडी साठ ग्रॅमच्या पुढं गेली की सात दिवसांच्या आतली, न धुतलेली आठ-दहा ठेवा. मस्कोव्ही सोडली तर बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात, कोंबडीच्या अंड्याला एकवीस. आठवडाभर जास्त बसायचं म्हणून दाणा-पाणी तिच्याजवळच असू द्या. अंडी जड असतात, कोंबडीला नीट उलटवत नाहीत. ती चरायला उठली की हातानं उलटा, दुसऱ्या आठवड्यापासून कोमट पाणी शिंपडा. मे महिन्यात हा खटाटोप करू नका. पिलं निघाल्यावर तीन-चार आठवडे बोडीपासून लांब ठेवा : बदकीणीच्या अंगाचं तेल त्यांना लागलेलं नसतं, पिसं भिजतात आणि गारठून मरतात.