कायमचं दूर निघालेल्या मंडळीला पाळकाने निरोप देताना काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मंडळीतली बरीच कुटुंबं एकदम गाव सोडून निघालीत, शेवटच्या उपासनेत काय बोलावं ते सुचत नाही, आणि असा प्रसंग आधी कुणावर आला होता का. आलाय. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका लहान मराठी मंडळीचा वीसेक वर्षं पाळक होतो. निरोप देताना माझ्या हातून मोठी चूक झाली, ती आधी सांगतो.

एका उन्हाळ्यात पाच कुटुंबं पुण्याला निघाली. कारखान्यात कामं लागली होती. शेवटच्या रविवारी मी म्हणालो, "कुठंही राहा, तुमची मंडळी हीच आणि तुमचा पाळक मीच." सगळे रडले, मीही रडलो. मंडळीचा दाखला, म्हणजे नव्या गावच्या मंडळीत सामील व्हायला लागणारं पाळकाचं पत्र, कुणी मागितला नाही, मीही लिहून दिला नाही. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या एका आजींकडे गेलो. आमचं गीतांचं पुस्तक फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेलं. चर्च दोन गल्ल्या सोडून होतं. "जात का नाही?" विचारलं, तर म्हणाल्या, "पास्टर, आमची मंडळी तिकडं हाय म्हणून तुम्हीच सांगितलासा की." घरात नातू वर्षाचा झाला होता, त्याचा बाप्तिस्माही राहिला होता. प्रेमापोटी बोललेल्या एका वाक्याने मी त्यांना बांधून घातलं होतं.

त्यानंतर मी जॉन रॉबिन्सन या सतराव्या शतकातल्या इंग्रज पाळकाविषयी नीट वाचलं. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून वेगळी झालेली त्यांची मंडळी छळ चुकवून हॉलंडला गेली आणि १६०९ पासून लायडन शहरात राहिली. तिथंही पोट भरणं कठीण, मुलं परक्या वळणाला लागलेली, म्हणून १६२० मध्ये काहींनी अमेरिकेला जायचं ठरवलं. (पोटापाण्यासाठी गाव सोडणं आणि मुलांची भाषा बदलत जाणं, हे आपल्या सीमाभागात कुणाला समजावून सांगायला नको.) आधीच ठरलं होतं की जास्त लोक जिकडे, पाळक तिकडे. निघणारे थोडे होते. म्हणून रॉबिन्सन मागे राहिले आणि विल्यम ब्रूस्टर हे मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे पुढारी, निघणाऱ्यांसोबत गेले.

निघण्याआधी सगळ्यांनी उपास केला. रॉबिन्सन यांनी बायबलातल्या एज्रा ८:२१ वर उपदेश केला. बाबेलहून लोकांना यरुशलेमला घेऊन निघताना अहवा नदीकाठी एज्राने उपास नेमला तो आपल्यासाठी, मुलाबाळांसाठी आणि चीजवस्तूंसाठी देवाकडे नीट वाट मागायला. समोर मुलं आणि बोचकी घेऊन बसलेल्या माणसांना याहून जवळचा शास्त्रभाग कुठला? मग जुलैमध्ये डेल्फ्सहेवनच्या धक्क्यावर, भरती आली, जहाज थांबेना, तेव्हा रॉबिन्सन गुडघ्यांवर आले. बाकीचेही गुडघे टेकून बसले, आणि ओल्या गालांनी त्यांनी सगळ्यांना देवाच्या हाती सोपवलं. हे विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहून ठेवलंय. ते निघणाऱ्यांपैकीच.

पण मला हलवलं ते निघणाऱ्यांपैकीच एडवर्ड विन्स्लो यांनी पुढे १६४६ मध्ये छापलेल्या आठवणीने. रॉबिन्सन म्हणाले होते, मी ख्रिस्ताच्या मागे जितका गेलो तितकंच माझ्या मागे या, पुढे नको. चर्च सुधारणाऱ्या ल्यूथरचे लोक ल्यूथरपाशी थांबले, कॅल्विनचे कॅल्विनपाशी, तुम्ही थांबू नका. प्रभूच्या वचनातून अजून सत्य आणि प्रकाश बाहेर यायचा आहे. आणि हेही, की तिकडे दुसरा पाळक मिळाला तर घ्या, कळपाला दोन मेंढपाळ असले तर धोका नाही, उलट राखण होते. जे मी करायला हवं होतं, ते त्यांनी केलं.

सोडलं म्हणून विसरले नाहीत. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात गेलेल्यांतले निम्मे दगावले. पुढे वसाहतीतल्या माणसांनी तिथल्या मूळ रहिवाशांना मारल्याची बातमी आली, तेव्हा रॉबिन्सन यांनी १६२३ मध्ये कळवळून लिहिलं, कुणाला मारण्याआधी काहींना प्रभूकडे आणलं असतं तर किती बरं झालं असतं! स्वतः ते कधीच पलीकडे पोचले नाहीत. १६२५ मध्ये लायडनलाच वारले.

आपल्याकडे बघा. १८२० मध्ये मिशनरी जोसेफ टेलर बळ्ळारीहून बेळगावला आले आणि लंडन मिशनचं काम सुरू झालं. बळ्ळारीवाल्यांनी त्यांना धरून ठेवलं असतं तर?

म्हणून तुम्ही त्या कुटुंबांना स्पष्ट शब्दांत मोकळीक द्या. "तिथली मंडळी शोधा, तिथल्या पाळकाला आपलं म्हणा," हे तुमच्याच तोंडून ऐकायला हवं, दुसऱ्या कुणी सांगून ते मनाला पटत नाही. पुढच्या खेपेला तिघं गोव्याला निघाले तेव्हा मी तेच बोललो. आवाज कापला, तरी बोललो. आणि दाखले आदल्या रविवारीच लिहून, घरटी एक असे हातात द्या. बस सुटताना ते कुणाला आठवत नाही.