संसद असताना सरकार अध्यादेश (तात्पुरता कायदा) कसा काढतं? आणि तो किती दिवस टिकतो?

कायदा करणं हे संसदेचंच काम. पण दोन्ही सभागृहांचं अधिवेशन एकाच वेळी चालू नसेल आणि निकड असेल, तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती अध्यादेश काढतात (राज्यघटनेचं कलम 123). दोन्ही सभागृहं बंदच हवीत असं नाही. एक बंद असलं तरी चालतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मुदत मोजताना लोक चुकतात. अध्यादेशाची मुदत सहा आठवड्यांची, पण ते धरायचे अध्यादेश निघाल्यापासून नव्हे, तर अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून. सभागृहं वेगवेगळ्या तारखांना भरली, तर नंतरची तारीख धरा. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणून कमाल आयुष्य साधारण साडेसात महिने. दोन्ही सभागृहांनी नामंजुरीचा ठराव केला, तर त्याआधीच संपतो.

खरी गफलत होते ती तोच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढण्यात. बिहारमध्ये राज्यपालांच्या सहीने (कलम 213) काही अध्यादेश वर्षानुवर्षं असेच जिवंत ठेवले होते. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे डॉ. डी. सी. वाधवा यांनी ते एकेक करून शोधले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. 1986 मध्ये न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. 2017 मध्ये सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने आणखी स्पष्ट केलं: अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं बंधनकारकच आहे.