खराटा उचलण्याआधीचा आठवडा

ठाणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. तुम्ही सावरकरनगरच्या मुलामुलींनी एकत्र यावे, तलावाच्या काठी आणि खाडीच्या कडेला श्रमदान करावे, कळकट भिंती रंगवाव्यात, पावसाळ्यात शंभर रोपे लावावीत असा तुझा बेत आहे, आणि पहिल्याच रविवारी दोनशे जण येतील अशी तुला खात्री आहे. ते येतील याविषयी मलाही शंका नाही. मला काळजी वाटते ती त्यानंतर येणाऱ्या सोमवारची, आणि त्यासाठीच हे पत्र जरा लांबणार आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही काही जणांनी आमच्या गल्लीच्या टोकाचा एक कोपरा हाती घेतला होता. चाळीच्या मागची ती भिंत आणि तिच्या पायाशी साचलेला उकिरडा. दोन रविवार राबून आम्ही तो उचलला, जमीन धुतली, भिंतीवर पांढऱ्या रंगाने वारली चित्रे काढली आणि शेजारी ‘येथे कचरा टाकू नये’ असा फलकही लावला. अकराव्या दिवशी त्या चित्रातल्या तारपा वाजवणाऱ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत पिशव्यांचा ढीग चढलेला होता. आम्हाला राग आला. लोकांना शिस्त नाही, समज नाही असे आम्ही एकमेकांत बोललो, आणि ते बोलणे चाळीतल्या एका आजींच्या कानावर गेले. त्यांनी मला थांबवून एवढेच विचारले, ‘बाई, घंटागाडी येते तेव्हा आमच्या घरात कोण असतं?’

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला एक आठवडा लागला, आणि तो आठवडा आम्ही आधीच घालवायला हवा होता. चाळीतल्या बहुतेक बायका घरकामासाठी सकाळी साडेसहाला बाहेर पडत आणि घंटागाडी साडेनऊला येई. दहा बाय दहाच्या खोलीत आदल्या रात्रीचे खरकटे संध्याकाळपर्यंत झाकून ठेवणे मे महिन्यात कोणालाही शक्य नाही, त्यामुळे कामावर जाता जाता पिशवी कोपऱ्यावर ठेवली जाई. मुकादमांना जाऊन भेटलो तेव्हा कळले की ही अडचण त्यांच्यापर्यंत कधी कोणी नेलीच नव्हती. त्यांनी गाडीची फेरी उलटी केली, म्हणजे जो रस्ता शेवटी येत असे तो पहिला आला, आणि सहा वाजता घंटा वाजू लागल्यावर त्या कोपऱ्यावरचा बहुतांश ढीग आपोआप नाहीसा झाला. चित्रांनी जे साधले नव्हते ते वेळापत्रकाने साधले.

तेव्हा तुला माझे पहिले सांगणे असे की, खराटा हातात घेण्याआधी एक आठवडा ती जागा नुसती पाहा. एकच जागा निवड, आणि तीही तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असू दे. पहाटे, दुपारी आणि रात्री दुकाने बंद होण्याच्या वेळी तिथे उभी राहा आणि वहीत टिपून ठेव की कोणता कचरा कोणत्या वेळी येतो. उकिरडा दिसायला एक असला तरी त्याचे धनी वेगवेगळे असतात. कोबीची पाने आणि मेथीच्या काड्या भाजीवाल्यांच्या, शहाळी नारळवाल्याची, पिशवीतले खरकटे घरांतले, आणि फरशीचे तुकडे व सिमेंटची गोणी ज्या घरात दुरुस्ती चालू आहे तिथून रात्री टेम्पोने आलेली. भाजीवाल्याला रात्री एक पिंप हवे असते, चाळीला लवकर येणारी गाडी हवी असते, आणि राडारोडा टाकणाऱ्याला कोणीतरी पाहत आहे याची जाणीव हवी असते. या सगळ्यांना एकच भाषण देऊन काहीही साधत नाही.

भाषणाचा विषय निघालाच आहे तर गाडगेबाबांची आठवण ठेव. दिवसा ते गावात शिरत ते हातात खराटा घेऊन, गाव झाडून काढत, आणि कीर्तन रात्री होई. त्या कीर्तनातही ते उपदेश करण्यापेक्षा समोर बसलेल्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. महाराष्ट्रात स्वच्छतेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम शिकून घ्यावा असे मला मनापासून वाटते: आधी काम, मग बोलणे, आणि बोलण्यातही आधी विचारणे.

दुसरी गोष्ट सफाई कामगारांविषयीची आहे आणि ती मी तुला कळकळीने सांगते. ज्या रस्त्यावर तुम्ही महिन्यातून दोन तास झाडणार आहात, तो रस्ता कोणीतरी रोज झाडत असते. या कामाचे ओझे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही ठराविक जातींच्या डोक्यावर ठेवले, आणि आजही हजेरीच्या रांगेत उभे राहिलेले चेहरे पाहिले की ते ओझे पुरते उतरलेले नाही हे कळते. म्हणून हातमोजे घालून छायाचित्र काढून घेणारी मुले त्यांच्या डोळ्यांना कशी दिसत असतील याचा विचार कर. मोहिमेच्या दिवशी त्या भागातल्या कामगारांना आधी भेट, त्यांना नावाने आणि ‘दादा’, ‘ताई’ म्हणून हाक मार, कुठून सुरुवात करावी हे त्यांनाच विचार. कोणत्या गटाराचे तोंड कशाने तुंबते, कोणत्या दुकानाचा माल रात्री रस्त्यावर येतो, हे त्यांच्याइतके नेमके कोणाला माहीत नसते. त्यांना फाटके हातमोजे मिळाले असतील तर तुमच्या वर्गणीतले पहिले पैसे त्यावर खर्च कर; टी-शर्टांची छपाई मागाहून होईल, किंवा न झाली तरी चालेल.

याच संदर्भात एक बंधन. गटाराचे किंवा मलवाहिनीचे झाकण उघडून तुमच्यापैकी कोणीही आत उतरायचे नाही आणि दुसऱ्या कोणालाही उतरवायचे नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही वर येत नाही. हाताने मैला साफ करायला लावणे आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो तापाचा जंतू येतो, म्हणून पायाला साधी जखम असलेल्यालाही चिखलात उतरू देऊ नकोस. पातळ प्लास्टिकचे हातमोजे काच आणि सुयांपुढे टिकत नाहीत, तेव्हा जाड रबराचे घे. दोनशे जणांना पुरतील इतके मिळाले नाहीत तर माणसे कमी कर.

गोळा केलेला कचरा कुठे जाणार, हे रविवारच्या आधी ठरलेले असले पाहिजे. मी अशा मोहिमा पाहिल्या आहेत की ज्यांत भरलेल्या साठ-सत्तर गोण्या रस्त्याच्या कडेला रांगेने उभ्या राहिल्या, सगळे घरी गेले, आणि रात्रीत कुत्र्यांनी व भटक्या गुरांनी त्या फोडल्या. प्रभाग समितीच्या कार्यालयात स्वच्छता निरीक्षकांना आठ दिवस आधी पत्र दे आणि गाडी किती वाजता येणार हे लिहून घे. गोण्या भरतानाच वर्गवारी कर. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा भंगारवाला घेईल. वेफर्सची चकचकीत पाकिटे, थर्मोकोल आणि मातीत मळलेल्या पिशव्या घेणार नाही, कारण त्यांना बाजारात भाव नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करायला सांगितले होते, हे तुमच्या सोसायट्यांना आठवण करून देण्यासारखे आहे. आपल्या नजरेआड गेलेला कचरा कोणाच्या तरी दारात जातो. दिवा या उपनगरातल्या लोकांनी आपल्या शहराच्या कचऱ्याचा धूर किती वर्षे सोसला, हे ठाण्यात राहणाऱ्याने विसरता कामा नये.

तलावांविषयी थोडक्यात लिहिते, कारण तिथले काम तुला बरेचसे माहीत आहे. मासुंदा असो, कचराळी असो की उपवन, काठावरचा कचरा दिसतो म्हणून आपण तो उचलतो. पाण्याचे खरे नुकसान मात्र निर्माल्य, माशांना टाकलेला पाव आणि कुठून तरी येऊन मिळणारे सांडपाणी यांनी होते. हे सगळे कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मग एका सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसतात. निर्माल्य कलशाजवळ दोन जण उभे करून हारांमधला दोरा, जरी आणि प्लास्टिक वेगळे काढलेत तर उरलेल्या फुलांचे उत्तम खत होते. पाव टाकणाऱ्या आजोबांशी मात्र प्रेमाने बोल. ते पुण्य समजून टाकत असतात.

खाडीचे काम अवघड आहे आणि ते पहिल्या वर्षी करू नये असे माझे मत आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यामुळे तिथे वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही. परवानगी मिळाली तरी दोनशे जण न्यायचे नाहीत. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली जी मुळे दिसतात त्यांतून झाड श्वास घेते, आणि उत्साहाने धावणारे पाय ती मोडतात. वीस माणसे पुरेत. फांद्यांना गुंडाळलेले प्लास्टिक ओढू नये, कात्रीने कापून सोडवावे.

आणि वेळ घड्याळावर ठरवू नकोस, तिथीवर ठरव. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी पहाटे सहाच्या आसपास असते आणि पाणी खूप आत जाते. तेव्हा उजाडताच उतरून साडेआठपर्यंत वर यावे लागते. अष्टमीच्या आसपास, ज्याला कोळी भांग म्हणतात, गणित उलटते आणि सकाळी सहाला भरतीच असते. चेंदणी कोळीवाड्यात जाऊन एखाद्या जाणत्या कोळी काकांना विचार. ते बोटांवर मोजून सांगतील आणि तुझ्याबरोबर आले तर त्याहून चांगले.

भिंती रंगवायला माझा विरोध नाही. तू समजू नकोस की वारलीच्या त्या अनुभवाने मी कडवट झाले आहे. रंगवलेल्या भिंतीपाशी माणूस जरा थबकतो, मुले तिथे उभी राहून चित्र ओळखतात, आणि ज्या मुलीने ते काढले ती दहा वर्षांनीही त्या रस्त्याने जाताना मान वर करून जाते. हे मी पाहिले आहे. पण रंग शेवटी यावा. जागा तीन महिने सलग स्वच्छ राहिली की मग रंगाचे डबे आण. भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी घे, ओल असलेल्या भिंतीवर काम करू नकोस कारण पहिल्या पावसात पोपडे सुटतात, जुन्या दगडी बांधकामाला हात लावू नकोस, आणि झाडांच्या खोडांवर तैलरंगाचे पट्टे तर मुळीच ओढू नकोस.

शंभर रोपांबद्दल माझे उत्तर असे आहे: जितक्या रोपांना फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत पाणी घालणारे हात तुझ्याकडे आहेत तितकीच लाव. ठाण्याचा जुलै कोणतेही रोप जगवतो आणि एप्रिल ते मारतो. प्रत्येक रोपासाठी समोरच्या इमारतीतले एक घर ठरव आणि त्या घरातल्या माणसाच्या हातूनच ते लाव. बहावा आणि ताम्हण ही आपल्या मातीतली झाडे आहेत, उन्हाळ्यात फुलतात, आणि ताम्हण तर राज्याचे फूल. बारा रोपे लागली आणि बाराही जगली तर मी स्वतः पेढे वाटीन.

आता पुढच्या गुरुवारविषयी. तू आणि तुझ्याबरोबर दोघे-तिघे, त्याहून जास्त नकोत, पहाटे सहाला माझ्या घरी या. मुकादम सव्वासहाला चौकीवर हजेरी घेतात आणि सातनंतर ते भेटत नाहीत. मी तुमची ओळख करून देईन आणि नंतर बाजूला बसेन, बोलणे तुम्ही करायचे. वही आणि पेन्सिल आण, पावसाचे दिवस आहेत म्हणून वहीला प्लास्टिकचे आवरण घाल. चहा माझ्याकडे होईल.

तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग.

तुझ्या
बाई