गाड्या तुम्ही उभ्या केल्यात, बोलायला मालक गेले

चि. लेकरास अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप दोनदा ऐकावा लागला. पहिल्या खेपेला न्हावा शेवा बंदराच्या रांगेतले हॉर्नच जास्त ऐकू आले. दुसऱ्या खेपेला तुझा प्रश्न नीट कळला, की नाना, आपली ड्रायव्हरांची स्वतःची युनियन काढावी का?

काढावी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा नाही. पण तू म्हणतोस तशी नको. कळंबोलीच्या ट्रक तळावर मेळावा घ्यायचा, बोर्ड लावायचा आणि तारीख ठरवून चक्का जाम करायचा, असं तुझ्या मनात आहे. अरे, गाडी उभी करायला काय लागतं? हँडब्रेक ओढला की झालं. खरं काम पुढं असतं, आणि तिथंच आपले लोक दरवेळी कमी पडलेत.

जानेवारी 2024 आठव. नव्या न्याय संहितेतलं 106 कलमाचं दुसरं पोटकलम. अपघातात माणूस गेला आणि ड्रायव्हर पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळाला, तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या दंड संहितेच्या 304 अ मध्ये ती जास्तीत जास्त 2 वर्षं होती. जमाव जमला की थांबणारा ड्रायव्हर जिवंत राहील का, हा प्रश्न दिल्लीत कुणाला पडला असेल असं वाटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 134 कलमाला मात्र तो पडला होता. जखमीला मदत करणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे, पण जमावाच्या रागामुळं ते शक्य नसेल तर वेगळं, असं त्यात चक्क लिहिलंय.

1 तारखेला देशभर गाड्या थांबल्या. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघेनात आणि गावोगाव पंपांवर रांगा लागल्या. कुणा पुढाऱ्यानं हाक दिली नव्हती, ड्रायव्हरांनी आपापल्या हिमतीवर केलं. मग 2 तारखेला रात्री गृहखात्याच्या सचिवांसमोर कोण बसलं? ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस. 1936 पासूनची जुनी संघटना आहे, पण ती वाहतूकदारांची, मालकांची. बाहेर येऊन त्यांनीच सांगितलं, कामावर जा. ते वाईट बोलले असं मी म्हणत नाही. त्याच वर्षी 1 जुलैला कायदा लागू झाला तेव्हा ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं गेलं, हे खरंच आहे. पण भत्ता, झोप, विमा यातलं एक अक्षर त्या खोलीत निघालं असेल का? निघणार कसं, ज्याच्याकडून ते मागायचं त्याचेच प्रतिनिधी आत होते. ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या गाड्यांना. चांगलं झालं. पण तो सरकारनं दिला, आपण मागून घेतलेला नाही.

आणि एक घोळ ध्यानात ठेव. आपल्या देशात ‘ट्रक युनियन’ म्हटलं की बहुतेक वेळा मालकांचीच असते. पंजाबात अशा युनियन होत्या, भाडं तेच ठरवायचे, बाहेरच्या गाडीला माल भरू द्यायचे नाहीत. 2017 मध्ये सरकारनं त्यांच्यावर बंदी घातली. हिमाचलात बरमाणा आणि दाडलाघाटचे सिमेंट कारखाने डिसेंबर 2022 मध्ये भाड्याच्या भांडणावरून बंद पडले आणि 67 दिवसांनी दर ठरल्यावरच उघडले. तो लढाही गाडीमालकांचा. त्यात खूप जण एकाच गाडीचे मालक, स्वतःच स्टेअरिंगवर बसणारे, म्हणून मला त्यांच्याबद्दल माया आहे. पण पगारी ड्रायव्हरला त्या दरातलं काय मिळालं, असं विचारलंस तर मला उत्तर देता येणार नाही.

आता तुझा शेठ. तू त्याला शिव्या घालतोस, घाल. पण त्याच्याकडं गाड्या किती? चार. आपल्या धंद्यात बहुतेक मालक असेच, पाचाच्या आतले. 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा होता: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती. कागदावर सोन्यासारखा. पण लागू कुणाला, तर 5 किंवा जास्त कामगार असतील त्याला. चार गाड्यांच्या मालकानं चार ड्रायव्हर ठेवले आणि क्लीनर काढून टाकले की तो मोकळा. आता तो कायदा नव्या श्रम संहितेत गेलाय. मी बावीस वर्षं स्टेअरिंग धरलं, एकदाही कुणी मला विचारलं नाही की बाबा, तुझे तास किती झाले. नाक्यावर विचारायचे ते ‘एंट्री’, म्हणजे चिरीमिरी, दिली का, एवढंच.

म्हणून कारखान्याच्या युनियनचा साचा इथं बसत नाही. चार गाड्यांच्या शेठच्या दारात घोषणा देऊन काय निघणार? त्याचं भाडं ट्रान्सपोर्टवाला ठरवतो आणि ट्रान्सपोर्टवाल्याचं माल धाडणारी कंपनी. तू ज्या गोदामापुढं दोन दोन दिवस गाडी रिकामी व्हायची वाट बघतोस, तिथं शेठचंही नुकसानच होतं. फरक एवढाच, की त्याला कधीमधी हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, मिळतं आणि तुला फेरीवर पैसे असल्यानं ते दोन दिवस फुकट. माझं म्हणणं असं, की पहिली मागणी हीच धर: थांबल्या तासांचे पैसे, आणि ते माल घेणाऱ्याकडून. यात एका गाडीचा मालकही तुझ्या बाजूनं उभा राहील. मात्र त्याला सभासद करू नकोस. सोबत चहा पी, पत्रकावर सही घे, पण पदाधिकारी ड्रायव्हरच राहू दे.

हे हवेतलं वाटत असेल तर तुझ्या गाडीत माल चढवणाऱ्यांकडं बघ. लोखंड बाजारातला माथाडीही कुणा एका शेठचा नोकर नसतो, आज या दुकानात, उद्या त्या. तरी अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. टोळीची नोंद माथाडी मंडळाकडं, व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरचा ठरावीक जादा आकार, मंडळात भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना. मालक बदलला तरी माणसाचं खातं तेच. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली. त्यांनी तर ‘कष्टाची भाकर’ ही स्वस्त जेवणाची केंद्रं काढून आधी पोटाचं बघितलं. त्याच गाडीत माल चढवणाऱ्याला निधी मिळतो आणि तीच गाडी हुबळीपर्यंत नेणाऱ्याला ढाब्यावरची खाट. प्रत्येक बिल्टीमागं, म्हणजे मालाच्या पावतीमागं, थोडी लेव्ही ड्रायव्हरच्या मंडळात का पडू नये? हे मागायला एक पिढी लागेल. माथाडीच्या नावावर खंडणी मागणारे दादा पण पुढं निघाले, तेही तुला दिसतीलच. म्हणून पावती पुस्तक पहिल्या दिवसापासून.

नोंदणीची धास्ती घेऊ नकोस. अर्जाला 7 जण लागतात, आणि सभासद 100 किंवा 10 टक्के, यातलं जे कमी ते. कळंबोलीच्या एका पार्किंगात एका रात्री शंभर माणसं झोपलेली असतात. अवघड आहे ते त्यांना वर्षभर धरून ठेवणं, कारण आज इथं असलेला उद्या नवापूरला असतो. तेव्हा मालकाप्रमाणं शाखा करू नको, अड्ड्याप्रमाणं कर. गाडी फिरली तरी अड्डा जागेवर असतो.

पहिलं काम कोणतं करायचं, ते एका मरणानं मला शिकवलं. आमचा एक जोडीदार कसारा घाटात गेला. शेठनं त्याच्या बायकोला वीस हजार दिले आणि कागदावर अंगठा घेतला. आम्हीही म्हणालो, शेठ चांगला माणूस. पुढं फार उशिरा एका वकिलानं सांगितलं की 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात ड्रायव्हर बसायचा, मालकाकडं एकच माणूस असला तरी. मयताच्या बाबतीत असे हातोहात दिलेले पैसे भरपाई धरतच नव्हते. रक्कम आयुक्तांकडं भरावी लागायची. आणि ती शेठच्या खिशातून जाणार नव्हती, गाडीच्या विम्यात ड्रायव्हरची जोखीम धरलेली असते, विमा कंपनीनं दिली असती. शेठलाही ते माहीत नव्हतं, असं मला आज वाटतं. तोवर मुदत निघून गेली होती. ती बाई अजून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिच्या दारावरून जाताना मी गाडी हळू करायचो, थांबायचो नाही.

तेव्हा असा एक दावा जिंकून दाखव. पार्किंगात शंभर भाषणांनी जमणार नाहीत तेवढी माणसं त्या एका निकालाला जमतील. संपाचं त्यानंतर बघू, आणि तो केलास तर किती दिवस काढता येतील याचा हिशेब आधी. 1982 चा गिरणी संप सुरू झाला तो संपला कधी, हे नीट कुणाला सांगता येत नाही. त्या गिरणगावातलेच दोघे पुढं माझ्याबरोबर क्लीनर म्हणून चढले होते.

उद्यापासून एक कर. गाडी किती वाजता लागली, किती वाजता रिकामी झाली, झोप किती, भत्ता किती कापला आणि कशाबद्दल, हे वहीत लिही. दहा जणांना लिहायला लाव. विमा पॉलिसीची झेरॉक्स गाडीत असतेच, तिचा फोटो काढून घरी पाठव. माझ्याही वह्या आहेत, सगळ्या फेऱ्यांच्या. एक उंदरांनी खाल्ली. बाकीच्या दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा, पण गोणी आण, पिशवीत मावायच्या नाहीत.

तुझा,
नाना