दर पडला म्हणून बाळाच्या वाटीत दूध वाढवू नका

गेल्या पंधरवड्यात कोरेगाव, खटाव आणि कराड तालुक्यांतल्या गावबैठकांत दुधाच्या दरावर बरेच प्रश्न आले. पुरुषांनी ते बैठकीत विचारले. बायकांनी बैठक उठल्यावर, दाराशी थांबवून विचारले. पुरुषांचा प्रश्न दूध संकलन केंद्रावर कापल्या जाणाऱ्या दराचा होता, बायकांचा घरात उरणाऱ्या दुधाचं करायचं काय याचा. दोन्ही प्रश्न एकाच किटलीतून निघालेत, म्हणून उत्तरंही एकत्रच देते.

प्रश्न (कोरेगाव तालुका): गाईचं फॅट ३.५ लागतंय, पण डिग्री (लॅक्टोमीटरवरचा आकडा) कमी म्हणून दर कापतात. दोन महिन्यांपूर्वी याच गाईला पूर्ण दर होता. सध्या वैरणीला उसाचं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) आहे.

दादा, जाहीर होतो तो गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा असतो. एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि फॅट सोडून जे उरतं ते: प्रथिनं, दुधातली साखर, खनिजं. हिशोब अवघड नाही, एकदा घरी करून बघा. डिग्रीला ४ ने भागायचं, त्यात फॅटचा पाचवा हिस्सा मिळवायचा, वर ०.३६ मिळवायचे. डिग्री २८ आणि फॅट ३.५ असेल तर ७ अधिक ०.७ अधिक ०.३६, म्हणजे ८.०६. डिग्री ३० लागली तर तेच ८.५६ होतात. सूत्रातले आकडे काही केंद्रांवर थोडे वेगळे असतात, तेव्हा तुमच्याकडचं सूत्र विचारून घ्या. ८.०६ चे ८.० धरतात की ८.१ तेही विचारा, कारण तिथंच एक पॉइंट, म्हणजे ०.१ एसएनएफ, जातो. पॉइंटला ३० पैसे कपात असेल तर ८.५ वरून ८.१ पर्यंतच्या चार पॉइंटला १ रुपया २० पैसे गेले. पॉइंटला रुपया असेल तर लिटरमागे ४ रुपये गेले. दरपत्रक केंद्रावर लावलेलं असावं आणि त्यात कपातीइतकीच वाढही दिसावी, हे मागणं तुमच्या हक्काचं आहे. मापाचंही बघा. १ लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. काट्यावर १०० किलो आले तर ते ९७ लिटर होतात. बिल किलोवर की लिटरवर, हे ठाऊक असेल तर उगाच संशयही राहत नाही.

आता गोठ्याकडे. कारखाने सुरू झाले की आपल्या भागात वाढं स्वस्त मिळतं, आणि जनावर दोन-तीन महिने त्याच्यावरच राहतं. वाढ्यानं पोट भरतं, पण त्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त. ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते गाईच्या अंगी लागत नाही. तंतू भरपूर असल्यामुळं फॅट टिकतं, पण ताकद आणि प्रथिनं कमी पडली की एसएनएफ उतरतं. तुमच्याकडे नेमकं हेच दिसतंय. वाढं बंद करा असं मी म्हणणार नाही, दुसरी वैरण सगळ्यांना परवडत नाही. वाढं निम्म्यावर आणा, वरून चुन्याची निवळी शिंपडा. उरलेल्या निम्म्यात मेथीघास, मका किंवा मुरघास आणि थोडा कडबा असू द्या. पोसण्यापुरती पेंड वेगळी धरून दर अडीच ते तीन लिटर दुधामागे १ किलो पशुखाद्य, त्यात मक्याचा भरडा, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. बदल एका दिवसात करू नका, आठ-दहा दिवस घ्या. नाहीतर पोट बिघडून उरलेलं दूधही जाईल.

एवढं करून डिग्री चढली नाही तर कास तपासून घ्या. दगडी, म्हणजे कासेचा दाह, दरवेळी उघड दिसत नाही. सड सुजलेला नसतो, दुधात गाठी नसतात, तरी आतून रोग चालू असतो आणि डिग्री घसरत राहते. पशुवैद्यकीय दवाखान्यात चारही सडांचं दूध वेगवेगळं तपासायला सांगा. आणखी एक गोष्ट, बोलायला लहान वाटते. किटली धुतल्यावर पालथी घालून पूर्ण निथळू द्या. धार काढताना शेवटची धार सोडू नका, फॅट तिच्यातच सगळ्यात जास्त असतं.

प्रश्न (कराड तालुका): दर पुन्हा कधी वाढेल? गाई विकाव्यात का?

पावसाळा सरला की हिरवी वैरण मुबलक होते, बरीच जनावरं नुकती व्यालेली असतात, दूध वाढतं. पिशवीतून खपून उरलेल्या दुधाची भुकटी आणि लोणी होतं. भुकटीचा भाव पडला की त्याचा पहिला फटका गाईच्या दुधाला बसतो, म्हशीच्या दुधाला तेवढा बसत नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे आधी ५ रुपये आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिलं, तेव्हा कानात बिल्ला नसलेल्या गाईचे मालक मागे राहिले. बिल्ला मारून ऑनलाइन नोंद आणि बँक खात्याला आधार जोडणी, ही दोन कामं आत्ताच करून ठेवा.

गाय विकायची की नाही, हे आजच्या दरावर ठरवू नका. दोन वेतांतल्या अंतरावर ठरवा. चांगली गाय व्याल्यावर ९० ते १०० दिवसांत गाभण राहायला हवी. एक माज हुकला की २१ दिवस गेले. दिवसाला १५० रुपये वैरण धरली तर ३,१५० रुपये, आणि हे कुठल्याच बिलात दिसत नाहीत. तीन-चार माज हुकलेली, पोटात काही नसलेली गाय दर ४० रुपये झाला तरी तुम्हाला पोसणार नाही. गोठ्याच्या भिंतीवर कॅलेंडर टांगा आणि माजाची तारीख त्यावर लिहा.

प्रश्न (खटाव तालुका, एक ताई): दर पडल्यापासून दीड-दोन लिटर दूध घरातच राहतं. बाळाला सात महिने झाले. अंगावर पाजते, शिवाय गाईच्या दुधात पाणी घालून बाटलीनं देते. उष्टावण झालंय, पण वरणाच्या पाण्याशिवाय काही देत नाही. सासूबाई म्हणतात दात आले की बघू. दूध पुष्कळ पितंय, मग चालेल ना?

ताई, तुमच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे. दर आज ना उद्या सुधारेल, बाळाचे हे महिने पुन्हा यायचे नाहीत.

वासराचं बघा. आठ-पंधरा दिवसांचं झालं की आपण त्याच्यापुढं काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासराचं खाद्य, ठेवतो. नुसत्या दुधावर ठेवलं तर त्याचं पोट तयार होत नाही, हे गोठ्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. वासराचे दात कुणी मोजत बसत नाही. बाळाला तर आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. पुढं ते लोह खाण्यातूनच यायला हवं. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ते भरपूर पाजलं तर काही बाळांच्या आतड्यातून न दिसणारं थोडं थोडं रक्तही जातं. बाळ गुटगुटीत दिसतं, पण फिकं पडत जातं. त्यात दुधानं पोट भरलं की ते खाण्याकडे तोंड फिरवतं. घरच्यांना वाटतं, याला अजून खायचंच नाही.

माझ्या मुलीच्या वेळी मीही नऊ महिन्यांपर्यंत वरणाच्या पाण्यावर राहिले. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन खाली गेलेलं होतं. वैरणीतली प्रथिनं तोंडपाठ सांगणारी मी, माझ्याच लेकीच्या वाटीत नुसतं पिवळं पाणी होतं. ती सल अजून जात नाही. म्हणून हा विषय माझ्या खात्याचा नाही असं मी म्हणत नाही.

तेव्हा बाटली आजपासून बंद. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही. वर्ष होईपर्यंत गाई-म्हशीचं दूध पिण्यासाठी नको. सत्त्वात किंवा खिरीत उकळलेलं थोडं दूध घातलं तर हरकत नाही.

खाणं कसं असावं, याची एकच खूण धरा: चमचा तिरका केला तर ओघळून जाऊ नये इतकं घट्ट. वरणाचं पाणी ओघळतं, भाताची पेज ओघळते. बाळाचं पोट मुठीएवढं, त्यात पाणी भरलं तर जेवणाला जागा उरत नाही. वरचं पाणी तुम्ही प्या, खालची डाळ बाळाला द्या. मूगडाळ आणि तांदूळ मऊ शिजवून, रवीनं घोटून, वर अर्धा चमचा घरचं तूप. घरातल्या दुधाचा बाळाला खरा उपयोग होतो तो या तुपाचा, कारण एवढ्याशा घासात ताकद त्यानंच येते.

तुमच्याकडे माणदेशाच्या कडेला बाजरी घरचीच असते. तिच्या पिठाचा घाटा करा, बाजरीत लोह चांगलं असतं. पाटण-जावळीकडून नाचणी मिळाली तर भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून ठेवा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि मोड आणल्यामुळं तिच्यातलं लोहही जास्त अंगी लागतं. भोपळा, रताळं, गाजर उकडून कुस्करा. खिचडीत पालक किंवा शेवग्याचा पाला टाका आणि देताना लिंबाचे दोन थेंब पिळा, लोह शोषायला ते मदत करतात. केळं, पपई, चिकू कुस्करून द्या. घरात चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं आत्तापासून द्या, वर्षाची वाट बघायचं कारण नाही. शेंगदाणा अगदी बारीक वाटून खिचडीत चालतो. अख्खा दाणा, फुटाणे आणि द्राक्षाचा अख्खा मणी मात्र कधीच नाही. तासगावचे पाहुणे पेटी घेऊन आले की प्रत्येक जण प्रेमानं एक मणी बाळाच्या तोंडात घालू बघतो. तो घशात अडकतो. सोलून, उभा चिरून, बारीक करूनच द्या.

दोन-तीन चमच्यांनी सुरुवात करा. एक नवीन पदार्थ दोन-तीन दिवस देऊन बघा, मग पुढचा. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, वाढवत वाढवत अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. पहिले आठ दिवस बाळ जिभेनं बाहेर ढकलेल. त्याला आवडत नाही असा त्याचा अर्थ नाही, गिळायला शिकतंय. मीठ, साखर, गूळ वर्षापर्यंत नको. मध तर अजिबात नको, चाटवायलाही नको, त्यातल्या जंतूंपासून लहान बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट बंद करा. चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही आणि बिस्किटानं भूक मरते. बाळाला ताप किंवा जुलाब असले तरी खाणं तोडू नका, थोडं थोडं पण जास्त वेळा द्या. बाळ अंगावर ओढेनासं झालं, मलूल पडलं, लघवी कमी झाली तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

आशाताईंकडून लोहाचं सिरप घ्या. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर असतं. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरपोच आहाराचं पाकीट मिळतं. ते पाकीट फोडून म्हशीच्या आंबोणात ओतलेलं मी दोन-तीन गोठ्यांत डोळ्यांनी पाहिलंय. चव आवडत नसेल तर त्यात घरचं तूप आणि कुस्करलेलं केळं घालून शिजवा, पण ते बाळाच्याच पोटात जाऊ द्या.

राहिलं दीड-दोन लिटर. ताई, ते दूध तुम्ही प्या. मी बैठकीत विचारलं तेव्हा गोठा असलेल्या घरातल्या बाळंतिणीही कोरा चहा पितात असं कळलं, कारण अर्धा लिटर कमी झालं तर दहा दिवसांच्या बिलात दिसतं. बाळ तुमच्या अंगावर आहे, म्हणजे तुमच्या वाटणीचं दूध त्याच्याच वाटणीचं आहे. रोज दोन पेले तुम्हाला, एकेक पेला घरातल्या मोठ्या मुलांना, उरलेल्याचं विरजण लावा आणि लोणी काढून तूप करा. पुढं दर वाढला तरी हे अर्धा-पाऊण लिटर किटलीत ओतू नका. धार काढल्या काढल्या वेगळ्या भांड्यात काढून ठेवा, मग केंद्राकडे निघा. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. त्यांनी चार लेकरं वाढवलीत, वासराचं उदाहरण त्यांना लगेच पटेल.

प्रश्न (तिघा-चौघांचा मिळून): पावसात भिजलेली सरकी पेंड, थोडी बुरशी आलेली, उन्हात वाळवून घातली तर चालते का? आणि दगडीवर सडात औषधाची ट्यूब सोडल्यावर घरी दूध वापरतात ते बरोबर का?

दोन्ही नाही. बुरशीतलं अफलाटॉक्सिन नावाचं विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं. वाळवून ते जात नाही, दूध उकळूनही जात नाही. तेच दूध-दही लहान मुलाच्या ताटात येतं. अशी पेंड दुभत्या जनावराला घालू नका. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

ट्यूब सोडल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही ते पाकिटावर छापलेलं असतं, बहुतेक वेळा तीन दिवस किंवा त्याहून जास्त. तेवढे दिवस चारही सडांचं दूध ओतून द्यायचं. केंद्रावर घालायचं नाही, घरात ठेवायचं नाही, वासरालाही पाजायचं नाही. डॉक्टर ट्यूब सोडून जातात तेव्हाच पाकीट मागून घ्या, दिवस मोजा आणि ती तारीख माजाच्या कॅलेंडरवरच लाल पेनानं लिहा. म्हणजे सकाळची धार घरातलं कुणीही काढलं तरी चूक होणार नाही.